डावी बाही

१२ सप्टेंबर

ताई,

नमस्कार, क्षेमकुशल वगैरे गृहीत धरा. लिहायला बसले ते एकच सांगायला. तुमची ती पोस्टकार्डं आता थांबवा.

मार्चपासून सहा आली. दर कार्डावर एकच ओळ आणि तीही प्रश्नच. 'डावी मूठ आपणहून उघडते का?' 'एका हातातली वस्तू दुसऱ्या हातात घेते का?' वर मायना नाही, खाली सही नाही. परीक्षेचा पेपर परवडला, त्यात निदान वर सूचना तरी असतात. मी फोनवर तुमचा नंबर बंद करून टाकला म्हणून तुम्ही ही वाट काढलीत, ते कळतं मला. पण पोस्टकार्ड उघडं असतं. पोस्टमन वाचतो, खालच्या मजल्यावरच्या काकू वाचतात आणि मला जिन्यात गाठून विचारतात, "काय गं, उघडते का मूठ?"

परवाचं कार्ड नेमकं तुमच्या भावाच्या हाती लागलं. 'डाव्या हातात चमचा धरते का?' एक लिफ्ट दुरुस्त करून तो नुकताच आला होता, हात ग्रीसनं काळे. कार्ड दोन बोटांत धरून म्हणाला, "ताई असं काय विचारतेय?" मी म्हटलं, "तुझ्या ताईला खोडच आहे. दिवसभर म्हाताऱ्यांचे गुडघे वळवते, ते कमी पडले म्हणून आता माझ्या मुलीचे हात." तो हसला आणि अंघोळीला गेला. विषय तिथं संपला. तो तसाच संपलेला राहू द्या.

तुमच्या माहितीसाठी सांगते, मुंगी ठणठणीत आहे. अठरा महिन्यांची झाली. पण ती बारा आठवडे आधी जन्मली, तेव्हा डॉक्टरांच्या पद्धतीनं ते बारा आठवडे वजा करायचे, म्हणजे सव्वापंधरा महिन्यांची. नऊशे ऐंशी ग्रॅमची होती, काचेच्या पेटीत ठेवलेली, तुम्हीच तर तेव्हा तिचं नाव मुंगी ठेवलंत. आता ती मुंगी पलंगाला धरून उभी राहते. 'बाबा' म्हणते. 'दे' म्हणते, दिवसातून दोनशे वेळा. कारखान्याच्या पाळणाघरातल्या मावशी म्हणतात, एवढा आवाज या अंगात मावतो कुठं.

वाढदिवसाला जे झालं ते झालं. केक कापायच्या आधी, तुमचा भाऊ खाली गेला असताना, चार पाहुण्यांसमोर तुम्ही तिची मूठ हातात घेतलीत आणि म्हणालात, "हिचा डावा हात असा का? असे हात मी रोज बघते." तुम्ही रोज बघता ते लकवा झालेल्या म्हाताऱ्यांचे. माझी मुलगी वर्षाची होती, वजाबाकी केली तर नऊ महिन्यांची. त्यावर मी तुम्हाला जे बोलले ते मला आठवतं, तुम्हीही विसरला नसाल. ते मी इथं परत लिहीत नाही.

कार्डं थांबवा.

तुमची भावजय


२४ सप्टेंबर

ताई,

मी थांबवा म्हटलं आणि तुम्ही आठव्या दिवशी आणखी एक धाडलंत. यावेळी प्रश्नसुद्धा नाही, सरळ हुकूम. 'तिचा उजवा हात पाच मिनिटं धरून ठेव. समोर आवडती वस्तू ठेव. काय करते ते लिही.'

कार्ड फाडलं मी. आधी पाठ झालं होतं, मग फाडलं.

रविवारी तुमच्या भावाला कामावरून बोलावणं आलं, कुठल्याशा इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. तो गेला. म्हटलं, तुमचं तोंड एकदाचं बंद करून टाकावं. मुंगीला मांडीवर घेतलं, समोर छोटं स्टूल, त्यावर बिस्किट. तिचा उजवा हात माझ्या हातात.

आधी तिला खेळ वाटला. खुदूखुदू हसली. मग हात ओढायला लागली. मी सोडला नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, बिस्किटाकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. मग पुढं वाकली आणि तोंडानंच उचललं. मी हसले. मोठ्यानं हसले. आहे की नाही हुशार?

घड्याळात दीड मिनिट झालं होतं. तुम्ही पाच लिहिलं होतं. मी दुसरं बिस्किट जरा लांब ठेवलं, तोंड पोचणार नाही असं. मग मात्र ती रडायला लागली. 'दे, दे, दे.' ताई, बिस्किट डाव्या हाताच्या बाजूलाच होतं, वीतभर अंतरावर. तिनं त्या हाताकडे बघितलं नाही. वापरायचं सोडाच, बघितलंसुद्धा नाही. कोपरात दुमडून छातीशी घट्ट धरलेला, अंगठा मुठीच्या आत. मी चौथ्या मिनिटाला सोडून दिलं, पाच काही करवली नाहीत.

पण मला सांगा, ती लवकर जन्मली ना? मग प्रत्येक गोष्ट उशिरा येणार हे तर तिथल्या नर्सनंच सांगितलं होतं. मान उशिरा धरली, बसली उशिरा. तसा हा हातही उशिरा येईल. बारा आठवडे कुणालाही चुकत नाहीत.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. कार्डावर नको, लिफाफ्यात. आणि घरी नको, कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा.


९ ऑक्टोबर

ताई,

पत्र कारखान्यात मिळालं. कटिंगच्या टेबलाशी उभ्यानंच वाचलं. चाळीस थर अंथरलेले होते, शाळेच्या गणवेशाच्या पाठी. पत्र खिशात कोंबलं आणि मशीन चालू केलं, ते खुणेच्या आतून गेलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. माझं एकदा चुकलं की चाळीस पोरांचं चुकतं. मालक रागावले नाहीत, वाया गेलेले थर स्वतः मोजून बाजूला ठेवले, ते जास्त लागलं.

तुम्ही लिहिलंय, 'वजाबाकी दोन्ही हातांना सारखीच लागते. उजव्या हाताचं वय एक आणि डाव्याचं दुसरं, असं नसतं.'

एवढं साधं वाक्य. मी कापड कापणारी बाई, डावं-उजवं माझ्याइतकं कुणाला कळायला हवं? मी दीड वर्ष बारा आठवडे, बारा आठवडे म्हणत बसले आणि हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

आलं नाही असं लिहिलं खरं. तुम्ही समोर असता तर इथंच मला अडवलं असतंत.

ऐका तर मग. जानेवारीत तिला तपासणीला नेलं होतं, जिथं तिच्यासारख्या आधी जन्मलेल्या मुलांची वाढ बघतात त्या विभागात. बाहेर रांग वाढत चाललेली. मुंगी स्वेटरमध्ये गुंडाळलेली, माझ्या खांद्यावर झोपली होती. डॉक्टरबाईंनी विचारलं, "दोन्ही हातांनी पकडते ना?" मी हो म्हटलं. जीभ अडखळली नाही. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली, पंचवीस मे.

पंचवीस मेला मी गेलेच नाही. म्हणजे गेले, पण आत गेले नाही. तुम्ही त्याआधी अडीच महिने कार्डं पाठवत होता आणि आत गेले तर मेच्या उकाड्यात स्वेटर नसणार, डॉक्टरबाई मुंगीचे हात बघणार, हे मला माहीत होतं. कॅन्टीनबाहेरच्या बाकावर दोन तास बसले. तिला भरवलं, झोपवलं. मग घरी येऊन तुमच्या भावाला सांगितलं, "सगळं छान आहे म्हणाल्या." त्यानं फाइल उघडून बघितली नाही. तो माझं बोलणं फाइलीत तपासून बघत नाही.

मी घाबरले होते, ताई. दुसरं कारण नाही. पेटीतून ती जिवंत बाहेर आली तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं की आता हिच्या बाबतीत आणखी काही ऐकायचं नाही. जणू ते माझ्या ठरवण्यावर होतं.

काल त्या विभागात फोन केला. पुढची वेळ जानेवारीत आहे म्हणाले. तुम्ही लिहिलंय की या वयात एकेक आठवडा मोलाचा असतो, दोन वर्षांच्या आत हात कामाला लागला तर मेंदू त्याला ओळखायला शिकतो, नाहीतर विसरून जातो. मग जानेवारीपर्यंत मी काय करू? तुम्ही फिजिओथेरपी तिथंच शिकलात, डॉक्टरबाई तुम्हाला ओळखत असतील. दोन ओळींची चिठ्ठी द्या. आणि तुमच्या भावाला मे महिन्याचं काही कळू देऊ नका. हात जोडते. मुलीच्या हाताची काळजी तो सोसेल, पण मी त्याच्या तोंडावर खोटं बोलले, हे त्याला सोसणार नाही.


३१ ऑक्टोबर

ताई,

चिठ्ठी देताना तुम्ही अट घातली होती, 'आधी धाकट्याला सगळं सांग, मगच ही वापर.' मी 'सांगितलं' असं कळवलं आणि चिठ्ठी वापरली. सांगितलं नव्हतं. त्याला एवढंच म्हटलं होतं, "तुझ्या ताईच्या मनाला रुखरुख आहे, तर एकदा दाखवून टाकू." म्हणजे सगळं तुमच्याच डोक्यावर ढकललं. तो बिचारा म्हणाला, "ताईचं मन राखलंस, बरं केलंस."

आता मंगळवारचं सांगते.

छोटी खोली होती, जमिनीवर निळी गादी, भिंतीशी प्लास्टिकचे डबे भरून खेळणी. डॉक्टरबाई आणि एक थेरपिस्टबाई, दोघी जमिनीवर बसलेल्या. तुमचा भाऊ दाराजवळ, हातात मुंगीचे बूट. थेरपिस्टबाईंनी मुंगीला खुळखुळा दिला, ठोकळे दिले, मग हळूहळू तिचा फ्रॉक काढला. उजवी बाही सुटली, डावी सुटली. डावी काढताना त्या थांबल्या. फ्रॉक उलटा करून बघितला, मग गादीवर पसरला आणि एक बाही दुसरीवर ठेवली.

"ही बाही मोठी आहे," त्या म्हणाल्या. "कुठून आणता कपडे?"

"मी शिवते," मी म्हटलं.

"मग ही चूक झालीय का?"

ताई, अकरा वर्षं कटिंग करतेय. मला कुणी बाही चुकली का असं विचारलेलं नाही. नुसतं हो म्हणायचं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "नाही. मूठ अडकते ना तिची. म्हणून खांद्याशी मुंढा अर्धा इंच वाढवते आणि मनगटाशी पाऊण इंच सैल ठेवते."

मुंगी एकटीच ठोकळे आपटत होती, एकाच हातानं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "केव्हापासून वाढवताय?"

मी म्हटलं, "आता, थोड्या दिवसांपासून." मग त्यांनी फाइल चाळली आणि म्हणाल्या, "मे महिन्यात आला नाहीत तुम्ही." त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या. मी तुमच्या भावाकडे बघत होते. त्यानं बूट खाली ठेवले, मग परत उचलले.

आम्ही घरी आलो. आल्यावर त्यानं कपाटावरची पेटी काढली, मुंगीचे लहान झालेले कपडे ठेवते ती. एकेक झबलं, एकेक फ्रॉक पलंगावर मांडला, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं. मग प्रत्येकाच्या बाह्या एकमेकींवर ठेवत गेला, थेरपिस्टबाईंनी ठेवल्या तशा. पहिल्या झबल्याच्या सारख्या. दुसऱ्याच्या सारख्या. तिसऱ्याची डावी मोठी. चौथ्याची मोठी. मग सगळ्यांचीच. तिसरं झबलं मी गेल्या वर्षी ऑक्टोबरात शिवलं होतं. लेबलच्या जागी महिना दोऱ्यानं भरून ठेवायची मला सवय आहे, तुम्हाला माहीत आहे. तो ते वाचत होता.

ऑक्टोबर, ताई. वाढदिवस मार्चमध्ये. तुम्ही तिची मूठ हातात घेऊन बोललात त्याच्या पाच महिने आधीपासून माझी कात्री ते ओळखून होती. दर वेळी कापताना मनात म्हणायचे, जरा ऐसपैस असलेलं बरं, कपडा चढवायला सोपा जातो. एकाच बाजूला ऐसपैस का, हे स्वतःला कधी विचारलं नाही.

हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. त्यालाही आधी सांगायला हवं होतं. तो तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मुंगीशी बोलतो, जेवतो, कामावर जातो. तुम्हाला त्याचा फोन आलाच असेल. काय म्हणाला, हे विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारते.


२० नोव्हेंबर

ताई,

नऊ दिवस तो बोलला नाही. दहाव्या दिवशी थेरपीहून परत येताना बसथांब्यावर उभे होतो, मुंगी त्याच्या कडेवर. रस्त्याकडे बघत म्हणाला, "लिफ्ट बंद पडली की मी पहिल्यांदा विचारतो, आवाज कधीपासून येत होता? प्रत्येक इमारतीत कुणीतरी हळूच सांगतं, महिनाभर येत होता, पण चालत होती ना."

मी म्हटलं, "मला शिव्या दे."

तो म्हणाला, "त्या माणसाला मी कधी शिव्या देत नाही. मी फक्त पुन्हा त्याच्यावर इमारत सोपवत नाही."

बस आली. आम्ही चढलो. आता तो माझ्याशी बोलतो, पण फाइल त्याच्याकडे असते. तारखा तो लिहितो. मला ते मान्य आहे. नसतं तरी काय करणार होते?

तपासणीचं तुम्हाला त्यानं कळवलंय, तरी माझ्या शब्दांत सांगते. जन्मल्यावर पहिल्याच आठवड्यात मेंदूच्या उजव्या बाजूला रक्तस्राव झाला होता, त्याचा वण राहिलाय. डावा हात तिथून चालतो. पायावर परिणाम थोडा, हातावर जास्त. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा हात उजव्यासारखा होणार नाही. पण मदतीचा हात होऊ शकतो. डबा धरेल, कागद दाबून ठेवेल. तेवढं मिळवायचंय आपल्याला." मी विचारलं, मार्चमध्ये आले असते तर? त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं असतं. पण आता मार्च परत येणार नाही, आजपासून सुरू करू."

उपाय कसला, तर चांगला हात बंद करायचा. उजव्या हातावर पिशवीसारखा मोजा चढवायचा, बोटं झाकतील असा, आणि अर्धा तास तिला डाव्यानंच खेळायला लावायचं. दिवसातून दोनदा, आपण समोर बसून. थेरपिस्टबाईंकडचे मोजे मोठे होते, मुंगीनं दातानं ओढून काढले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "तुम्ही शिवाल? सुटणार नाही असा?"

ताई, जगात मला येणारी एकच गोष्ट आहे, आणि तीच मला माझ्या लेकीचा चांगला हात बांधून टाकायला वापरायची होती. पहिला शिवला, नाडीचा. तिनं दातानं गाठ सोडली. दुसरा बटणाचा, तोही सोडला. तिसऱ्याला मनगटाच्या मागं वेल्क्रोची चिकटपट्टी लावली, तोंड पोचणार नाही अशी. तो सुटला नाही. त्या दिवशी ती पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत रडली. खेळणं समोर, बांधलेला हात त्यावर आपटतेय, आणि मोकळा हात छातीशी. 'दे' म्हणाली नाही, 'आई' म्हणाली. हा शब्द तिला येत नव्हता तोपर्यंत. पहिल्यांदा म्हणाली ती अशी.

तुमच्या भावाला ते बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी विसाव्या मिनिटाला त्यानं मोजा काढून टाकला. आमचं तिथंच वाजलं. मी म्हटलं, "तुझ्या कनवाळूपणानं तिचा हात जाईल." तो म्हणाला, "आणि तुझ्या?" मी मोजा उचलला आणि परत चढवला. आता तो अर्धा तास मीच बसते. तो तेवढ्या वेळात जिन्यात जाऊन उभा राहतो, काकूंशी हवापाण्याच्या गप्पा मारत.

आता जे लिहायला दोन महिने टाळतेय ते लिहिते. वाढदिवसाला मी तुम्हाला म्हटलं, "स्वतःचं एक वाढवून दाखवा, मग माझ्या मुलीला नावं ठेवा." तुम्ही ओढणी उचललीत आणि केक न खाता निघून गेलात. तुम्हाला मूल होत नाही यासाठी तुम्ही काय काय सोसलंत ते मला ठाऊक होतं. तुम्हीच एका दुपारी विश्वासानं सांगितलं होतंत. ते मी हत्यार म्हणून वापरलं, कारण तुम्ही खरं बोललात आणि मला ते आधीपासून माहीत होतं. माहीत नसतं तर मी तुमच्यावर एवढी उसळले नसते. माफी मागते. तुम्ही द्यावी असा आग्रह नाही. नाही दिलीत तरी मुंगीची आत्या म्हणून तिला विचारत राहा, माझ्याशी बोलायची गरज नाही.


१८ डिसेंबर

ताई,

चार आठवडे तुमचं काही आलं नाही. रोज कारखान्याच्या फाटकावर पोस्टमनला विचारायचे. शेवटी तोच म्हणाला, "बाई, आलं तर मी पळत येईन." परवा खरंच पळत आला. पोस्टकार्ड. माफीबद्दल एक अक्षर नाही. नुसतं, 'अंगठा अजून आतच की बाहेर? मोज्यानंतर की आधी?' टेबलाशी उभी राहून रडले. मालकांनी मशीन बंद करायला लावलं आणि पाणी आणून दिलं. तुम्हाला रागावायचंच असतं तर तुम्ही विचारलं नसतंत, एवढं मला तुमच्याबद्दल कळतं.

तर उत्तर. मोज्याआधी अंगठा आत, मोज्यानंतर तासभर बाहेर. मग परत आत. हाताच्या मागच्या बाजूनं ढकलून ती चेंडू घालवते. दोनदा ठोकळा धरला, पण सोडता येत नाही, मग आम्हालाच सोडवावा लागतो. थेरपिस्टबाई म्हणतात, सोडणं धरण्यापेक्षा अवघड असतं, वेळ लागेल.

आता काल संध्याकाळचं. तुमचा भाऊ जिन्यात गेला नाही. म्हणाला, बसतो. मी म्हटलं, बस, पण मध्ये पडायचं नाही. तो भिंतीला टेकून बसला, हात पायांखाली दाबून. मी मोजा चढवला, चिकटपट्टी मनगटामागं घट्ट लावली. समोर रिकामा डबा आणि झाकण. ती थोडी रडली, थोडी गुरगुरली. मग गप्प बसून मोज्याकडे बघायला लागली. बराच वेळ. चावून बघितलं, सुटला नाही. जमिनीवर घासला, सुटला नाही. मी मनात म्हटलं, सुटायचा नाही तो, मी शिवलाय.

मग डावा हात छातीपासून निघाला. सरळ नाही आला, वेडावाकडा, खांद्यापासून फेकल्यासारखा. मनगटापाशी आला, घसरला, परत आला. मूठ आवळलेली होती. तिनं ती मूठ चिकटपट्टीवर दाबली आणि बोटं सुटली, ताई. सगळी नाही, दोन. त्या दोन बोटांत पट्टीचं टोक सापडलं. ओढलं. फरर असा आवाज झाला आणि मोजा जमिनीवर पडला.

माझं शिवलेलं आजवर कुणी असं उघडलं नव्हतं.

तुमचा भाऊ ओक्साबोक्शी रडायला लागला. हात सोडवून उठला, तिला उचलायला धावला. "सुटलं, सुटलं तिच्या हातानं," म्हणत होता. मुंगीही टाळ्या पिटल्यासारखा उजवा हात जमिनीवर आपटत होती, हसत होती. मी त्याला हातानं मागं सारलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, बसथांब्यावर रस्त्याकडे बघत होता तसं नाही, सरळ डोळ्यांत.

मोजा उचलला. तिचा उजवा हात धरला. ती हसायची थांबली आणि तिनं ओठ काढला. मी तो परत चढवला आणि पट्टी यावेळी दोन बोटं आणखी मागं लावली. घड्याळात अठरा मिनिटं बाकी होती.

तुमची भावजय